झेरिस्केप

झेरिस्केप म्हणजे कमी पाण्यावर तगणारी बाग आखण्याची, लावण्याची आणि राखण्याची पद्धत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराला पाणी पुरवणाऱ्या ‘डेन्व्हर वॉटर’ या संस्थेने १९८१ मध्ये हा शब्द घडवला. ग्रीक ‘झेरॉस’ म्हणजे कोरडे; त्याला ‘लँडस्केप’चे शेपूट जोडले. पण पुष्कळांच्या कानाला तो ‘झीरोस्केप’ ऐकू आला, आणि त्यांनी हिरवळ उपटून अंगणभर खडी पसरली, मधोमध एक निवडुंग उभा केला. अशी बाग पाणी वाचवते खरी, पण खडी दिवसभर तापते, रात्री ती धग घराच्या भिंतींना देते आणि तिच्यातूनही तण यायचे ते येतेच. झेरिस्केपमध्ये झाडे भरपूर असतात. फक्त ती त्या हवेला आणि त्या मातीला मानवणारी असतात.

डेन्व्हर रॉकी पर्वतरांगेच्या पूर्व पायथ्याशी, पर्जन्यछायेत वसलेले आहे. बर्फ धरूनही वर्षाला जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर पाऊस, म्हणजे पुण्याच्या साधारण निम्मा आणि आपल्या माणदेशाहूनही कमी. शहराचे जवळजवळ निम्मे पाणी पर्वताच्या पश्चिम उतारावरून बोगद्यांतून आणावे लागते. १९६२ मध्ये पूर्ण झालेला रॉबर्ट्स बोगदा तर सुमारे ३७ किलोमीटर लांब आहे. एवढा डोंगर पोखरून आणलेले पाणी घराघरांपुढच्या ‘केंटकी ब्लूग्रास’ या गवताला पाजले जात होते. नाव केंटकीचे असले तरी हे गवत मुळात युरोप-आशियाच्या ओलसर कुरणांतले. डेन्व्हरच्या उन्हात ते आपल्या बळावर हिरवे राहत नाही.

पद्धतीची तत्त्वे सात सांगतात: आधी आराखडा, मग मातीची सुधारणा, गवत लागेल तेवढेच, योग्य झाडांची निवड, नेमके पाणी, आच्छादन आणि निगा. यातली बरीच कोणत्याही जाणत्या माळ्याला नवी नाहीत. पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या चिपांचे बोटभर नव्हे, चांगले चार बोटे जाड आच्छादन घातले की ओल टिकते, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. झाडांची निवड आणि नेमके पाणी यांतली खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सारख्या तहानेची झाडे एकत्र लावणे. मोगरा आणि कोरफड एकाच ठिबकच्या नळीवर ठेवली तर एक सुकते किंवा दुसरी कुजते, आणि माळी सहसा मोगऱ्याचे ऐकतो. डेन्व्हरच्या बागांत म्हणून नळाजवळ तहानेली झाडे, त्यापलीकडे मध्यम आणि कुंपणाकडे कोरडवाहू अशी उतरंड आखतात.

बचत किती होते याचे चांगले मोजमाप नेव्हाडा राज्यातल्या लास व्हेगास परिसरात झाले. तिथल्या जल प्राधिकरणाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिरवळीला वर्षाकाठी दर चौरस फुटामागे ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी लागत होते, झेरिस्केपला १७.२ गॅलन, म्हणजे सुमारे ६५ लिटर. हे प्राधिकरण गवत काढणाऱ्यांना चौरस फुटावर पैसे देते. २०२१ मध्ये नेव्हाडाने पुढचा कायदा केला: ज्या गवतावर कुणी खेळत-बसत नाही, जे केवळ रस्त्याकडेला शोभेला आहे, त्याला २०२६ अखेरनंतर कोलोरॅडो नदीचे पाणी मिळणार नाही. घरांच्या अंगणांना हे बंधन लागू नाही.

कोलोरॅडोत कायदा बराच काळ उलट्या बाजूने आडवा येत होता. जो आधी हक्क नोंदवेल त्याला आधी पाणी, या तिथल्या जुन्या नियमानुसार छपरावर पडणारा पाऊसही नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या हक्कदारांचा मानला जाई. त्यामुळे शहरातल्या बहुतेक घरांना पागोळ्यांखाली पिंप ठेवणेही बेकायदा होते. २०१६ मध्ये घरामागे दोन पिंपे, मिळून ११० गॅलन, म्हणजे सुमारे ४१६ लिटर, एवढी सूट मिळाली. नव्या इमारतीला पर्जन्यजल संकलन सक्तीचे असलेल्या मुंबईकराला हे वाचून हसू येईल.

झेरिस्केप लोकांच्या अंगणात पोचली ती बऱ्याच अंशी रोपविक्रीच्या टेबलांवरून. वनस्पती उद्याने, सामुदायिक बागा आणि हौशी माळ्यांच्या संस्था वर्षातून एक-दोनदा रोपे विकायला मांडतात; मिळालेला पैसा बागेच्या खर्चाला जातो. दुकानात रोपाला किमतीची चिठ्ठी असते. इथे टेबलामागे उभा स्वयंसेवक ते रोप स्वतःच्या दारी वाढवून बसलेला असतो. दुपारचे ऊन कुठून येते, माती चिकण आहे का, हे तो आधी विचारतो. मोठ्या कुंडीतले फुललेले झाड उचललेल्या माणसाला तो बहुधा लहान कुंडीकडे वळवतो, कारण लहान रोपाची मुळे लवकर मातीत उतरतात आणि मोठे झाड पहिला उन्हाळाभर पाणी मागत राहते. पहिली दोन वर्षे कोरडवाहू झाडालाही नियमित पाणी लागते, हे न सांगता विकलेले रोप ऑगस्टपर्यंत वाळते आणि दोष पद्धतीला लागतो.

विक्री कधी भरते, यावरून तिथल्या हवापाण्याचे वेळापत्रक कळते. डेन्व्हर वनस्पती उद्यानाची मोठी विक्री मे महिन्यात, ‘मदर्स डे’च्या आगेमागे असते, तोवर दहिवराची भीती सरत आलेली असते. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लांट सोसायटी’च्या शाखा रोपे शरदात विकतात. आपल्याकडे मृगावर लावावे तसे तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचे. पुढचे चार महिने आभाळ पाणी देते. तिथल्या काही झाडांना उन्हाळ्यात पाणी घालणे म्हणजे मारणेच. पिवळ्याधमक फुलांचे ‘फ्लॅनेल बुश’ कडक उन्हात दिलेल्या पाण्याने मुळाशी कुजते. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाने अशा हवेत सहज जगणाऱ्या १०० झाडांची ‘ऑल-स्टार’ यादीच केली असून त्यांतली बरीच त्याच्या विक्रीत मिळतात.

डेन्व्हरच्या टेबलांवर पेनस्टेमॉन हे फुलझाड, ‘ब्लू ग्रामा’ गवत आणि गेलार्डिया हमखास असतात. गेलार्डिया म्हणजे आपला गलांडा. दसऱ्या-दिवाळीच्या हारांसाठी महाराष्ट्रात शेतांतून पिकणारे हे फूल मूळचे अमेरिकेतले. कोलोरॅडोच्या माळांवर फुलते ती त्याचीच सख्खी बहीण. झेंडूही तिकडचाच, मेक्सिकोचा. दोन्ही आपल्याकडे इतके रुळले की त्यांना परके म्हणायला जीभ रेटत नाही.

पण परके रोप दरवेळी असे शहाण्यासारखे वागत नाही. पाणी न मागणारी वनस्पती कित्येकदा कुणालाच काही विचारत नाही. ‘मर्टल स्पर्ज’ ही आपल्या शेराच्या वंशातली, निळसर पानांची भूमध्य सागरी वनस्पती कमी पाण्याची म्हणून कोलोरॅडोच्या रोपवाटिकांनी आवडीने विकली. तिच्या शेंगा फुटून बिया दूर उडतात. ती बागांतून डोंगरउतारांवर गेली, स्थानिक झाडांची जागा बळकावून बसली आणि अखेर राज्याने तिला समूळ नष्ट करायच्या तणांच्या यादीत टाकले. आता ती अंगणात ठेवणेही कायद्याला धरून नाही. बोल्डर शहरात मग उलटी विक्री भरू लागली: मर्टल स्पर्ज मुळासकट उपटून पिशवीत भरून आणायची आणि बदल्यात स्थानिक रानफुलांची रोपे फुकट न्यायची. उपटताना हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच, कारण तिचा पांढरा चीक कातडीला लागला की फोड येतात.