अंधारात राहतो म्हणजे सूर्याशी नातं तुटलं असं नाही

गुहेतल्या बॅक्टेरियांवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, "हे जीव सूर्याशिवाय जगतात" हे वाक्य येतंच, आणि थंबनेलला अजिंठा! अहो ती लेणी आहेत, माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरलेली. असो.

फोटोसिंथेसिस शाळेत सगळ्यांनी केलंय. गुहेत लाइट लावले की भिंतीवर हिरवा थर धरतो तोही त्यातलाच, शेवाळ नि सायनोबॅक्टेरिया (उजेडावर अन्न बनवणारे बॅक्टेरिया). फ्रान्सची लास्को गुहा 1963 ला पर्यटकांना बंद झाली त्यात या हिरव्या थराचाही हात होता.

खरा घोळ पुढे आहे. साध्या चुनखडीच्या गुहेत खोलवर मिट्ट काळोख, पण तिथले बरेचसे बॅक्टेरिया खातात काय, तर छतातून झिरपणाऱ्या पाण्यासोबत आलेला मातीतला कुजका माल, नाहीतर वटवाघळांची विष्ठा. आता वटवाघळाने किडे खाल्ले, किड्यांनी पानं, आणि पानं वाढली कशावर? उन्हावरच ना. म्हणजे मुक्काम अंधारात पण डबा उन्हातून येतो. याला सूर्याशिवाय जगणं म्हणू नका, प्लीज.

ज्यांचा डबाच वेगळा ते बघायचे तर रुमानियातली मोविले गुहा, मांगालिया गावाजवळ, 1986 मध्ये सापडली. वर चिकणमातीचा जाड थर असल्याने वरचं पाणी आत उतरत नाही, पाणी येतं ते खालून, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन घेऊन. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच हा सल्फाइड, बॅक्टेरिया त्याचं ऑक्सिडेशन करतात आणि त्या एनर्जीवर कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अन्न बनवतात. हे केमोसिंथेसिस. दुधावर साय धरावी तसा त्यांचा थर पाण्यावर तरंगतो, गोगलगायी तो खातात, आणि वर शिकारी म्हणून जळू, पाणविंचू, गोम अशी अख्खी साखळी. 1996 मध्ये कार्बन-नायट्रोजनचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासून दाखवलं गेलं की या प्राण्यांचं अन्न बाहेरून आलेलं नाही, आतच तयार झालेलं आहे.

तरी मोविलेलासुद्धा मी "सूर्यमुक्त" म्हणणार नाही, "अन्न सूर्याचं नाही" एवढंच म्हणेन, कारण सल्फाइड जाळायला तिथल्या बहुतेक बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो, आणि आतल्या हवेत जो 7 ते 10 टक्के ऑक्सिजन आहे तो मुळात बाहेरच्या हिरव्या जगाचाच.