वाचणारी बाई तपकिरी कशी झाली?

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट, त्यानं शाईनं काढलेल्या बायका मला फार आवडतात, कोणी पुस्तकात डोकं घालून बसलीय, कोणी झोपलीय, आणि सगळ्या तपकिरी. मला कित्येक वर्षं वाटायचं की त्याला तो रंगच हवा होता. काही चित्रांत खरंच तसं आहे, चुलीतल्या लाकडाच्या काजळीपासून केलेली बिस्टर नावाची शाई मुळातच तपकिरी असते. पण १६३० च्या दशकाच्या शेवटी त्यानं बरीच चित्रं लोखंडी शाईनं काढली, आणि ती शाई काळी होती!

हिची रेसिपी ऐकली की घरचंच काहीतरी वाटतं. ओकच्या झाडावर एक बारीकशी माशी अंडं घालते, झाड त्याच्याभोवती कडक गाठ धरतं, ती गाठ म्हणजे बाळगुटीत उगाळतो ते आपलं मायफळ. त्यात तुरट टॅनिन भरपूर. त्याचा काढा, त्यात हिराकस म्हणजे लोखंडाचं सल्फेट, आणि घट्टपणाला डिंक, झाली शाई. लिहिताना फिकी दिसते, मग हवेतला ऑक्सिजन लागला की लोखंडाचं रूप बदलतं आणि रेघ डोळ्यांदेखत काळी होत जाते.

आणि गंमत म्हणजे ती तिथे थांबत नाही. वर्षानुवर्षं तो काळा रंग मोडत जाऊन तपकिरी होतो. शिवाय शाई तयार होताना सल्फ्युरिक ॲसिड सुटतं, ते कागदाचे धागे तोडतं, उरलेलं लोखंड त्यात भर घालतं. त्यामुळे चित्रकारानं जिथे सगळ्यात जीव ओतला, म्हणजे सावलीसाठी रेघेवर रेघ मारली, तिथेच शाई जास्त आणि तिथेच कागद आधी तडकतो, कधी तुकडाच गळून पडतो. मला हे फार लागतं. पुस्तकाचं कोरं पान सोडून दिलेलं असतं, ते मात्र शाबूत राहतं.

शाई कुठली हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड, म्हणून इन्फ्रारेड कॅमेरा लावतात: दिव्याच्या काजळीची शाई त्यात काळीच राहते, लोखंडी फिकी होत जाते. उपायही आहे, १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्येच निघाला, कॅल्शियम फायटेट, जे मोकळ्या लोखंडाला धरून ठेवतं. फायटिक ॲसिड धान्याच्या कोंड्यात असतं. पण त्यासाठी कागद भिजवावा लागतो, आणि रेम्ब्रांटचा कागद पाण्यात घालायला कोणाचा हात धजावणार? म्हणून बहुतेक वेळा मंद उजेड, बेताचा दमटपणा, आणि वर्षातले बरेच महिने अंधाऱ्या खोक्यात विश्रांती.