ताबा दिला, मालकी दिली नाही : चाळीस एकरांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १९८९ पासून एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडले जाते. गुलामगिरीच्या नुकसानभरपाईचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमा, एवढीच त्याची मागणी. एप्रिल २०२१ मध्ये ते पहिल्यांदा समितीतून पुढे सरकले, पण सभागृहात त्यावर मतदान झाले नाही. या विधेयकाला ४० हा क्रमांक आवर्जून दिला जातो. हे चाळीस म्हणजे चाळीस एकर. यादवी युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात मुक्त माणसांच्या हाती आलेली आणि वर्ष उलटायच्या आत परत घेतली जाऊ लागलेली जमीन.

ही हकीकत बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकतात : एका सेनापतीने जमीन दिली, एका राष्ट्राध्यक्षाने ती काढून घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ती इतक्या सहज काढून घेता आली याचे कारण मूळ हुकमातल्या एका शब्दात आहे, आणि जमिनीची कागदपत्रे हाताळलेल्या मराठी माणसाला तो शब्द समजावून सांगावा लागणार नाही. तो शब्द म्हणजे ताबा.

सुरुवात १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये, साऊथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर. उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली तेव्हा आसपासच्या बेटांवरचे मळेवाले घरेदारे टाकून पळाले. गुलामांनाही बरोबर न्यायचा त्यांचा बेत होता, पण जवळपास दहा हजार माणसे मागेच राहिली. मालक नाही, मुकादम नाही. या माणसांनी पहिल्या हंगामात काय केले हे फार बोलके आहे. अनेक ठिकाणी त्यांनी सरकी काढायची यंत्रे मोडली आणि कापसाऐवजी मका आणि रताळी लावली. कापूस म्हणजे मालकाचे पीक, मका म्हणजे आपल्या घरचे जेवण, हा हिशेब त्यांना कोणी शिकवला नव्हता. उत्तरेकडून आलेल्या अधिकाऱ्यांना मात्र कापूसच हवा होता, आणि ही कुरबुर पुढची चार वर्षे चालू राहिली.

या जमिनी सरकारजमा करायच्या तर कोणत्या कायद्याने, हा गुंता तेव्हाच सुरू झाला. जुलै १८६२ मध्ये बंडखोरांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला. पण राजद्रोहाच्या शिक्षेत गेलेली मालमत्ता गुन्हेगाराच्या हयातीपुरतीच जप्त राहते, पुढे ती वारसांकडे जाते, असे राज्यघटनेचे कलम होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यावर बोट ठेवले आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, तसा खुलासा करणारा ठराव जोडावा लागला. म्हणजे मळेवाल्याची जमीन जप्त होणार, पण तो मेल्यावर त्याच्या मुलाला परत मिळणार. अशा जमिनीवर कोण घर बांधील, कोण विहीर खणील?

दुसरी वाट कराची होती. युद्धाचा थेट कर थकवलेल्या जमिनींचा सरकारने लिलाव केला आणि मार्च १८६३ पासून याच किनाऱ्यावरच्या ब्यूफोर्टमध्ये आणि सेंट हेलेना बेटावर तुकडे विकले गेले. बराच भाग उत्तरेच्या भांडवलदारांनी आणि खुद्द सरकारने घेतला. तरी काही मुक्त कुटुंबांनी वर्गणी काढून, पै-पैसा एकत्र करून तुकडे विकत घेतले. ही रीतसर खरेदी होती, तिचा कागद होता. या दोन वाटांतला फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे सगळे त्यावरच ठरले.

१८६४ च्या डिसेंबरात उत्तरेची फौज जॉर्जियातून जाळपोळ करीत सवाना शहरात पोहोचली. तिच्या मागे हजारो मुक्त माणसे चालत आली होती. त्यांचे करायचे काय, हा सेनापतीपुढचा प्रश्न दयेचा नव्हता, लष्करी होता. १२ जानेवारी १८६५ रोजी संध्याकाळी सेनापती आणि युद्धमंत्री यांनी शहरातल्या वीस कृष्णवर्णीय धर्मगुरूंना आणि चर्चच्या मंडळींच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले. त्यांच्या वतीने बोलणारे गृहस्थ ६७ वर्षांचे होते. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक हजार डॉलर सोन्या-चांदीत मोजून स्वतःला आणि बायकोला विकत घेतले होते. स्वातंत्र्य टिकवायला तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर त्यांनी जमीन मागितली. ती आम्ही स्वतः कसू आणि पुढे विकतही घेऊ, असे सांगितले. गोऱ्यांमध्ये मिसळून राहाल की वेगळे, या प्रश्नावर त्यांचे उत्तर वेगळे राहण्याचे होते, कारण दक्षिणेतला आमच्याविषयीचा आकस जायला वर्षे लागतील. वीसपैकी एकाने या मुद्द्यावर आपले मत निराळे असल्याचे नोंदवले. मला या बैठकीत सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते की सरकारने गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. असे प्रसंग त्या काळात फार थोडे.

चार दिवसांनी, १६ जानेवारीला, सेनापतीचा १५ क्रमांकाचा हुकूम निघाला. चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडची बेटे, समुद्रापासून तीस मैलांपर्यंतची नदीकाठची ओस भातशेती आणि फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीचा काठ, एवढा प्रदेश मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवला. प्रत्येक कुटुंबाला लागवडीलायक चाळीस एकरांपर्यंत जमीन. लोकांच्या तोंडी 'चाळीस एकर आणि एक खेचर' असे बसले आहे, पण हुकमात खेचराचा शब्दही नाही. लष्कराची जुनी खेचरे नंतर काहींना मिळाली, त्यातून ती जोडी तयार झाली.

आता तो शब्द. हुकमाने दिलेला हक्क मालकीचा नव्हता. कुटुंब स्वतःचे रक्षण करू शकेपर्यंत किंवा काँग्रेस त्यांच्या हक्काचे नियमन करीपर्यंत जमीन त्यांच्या ताब्यात राहील, असे त्यात लिहिले होते. सेनापतीला त्यापलीकडे काही देता येत नव्हते हेही खरे, कारण रणांगणावरचा अधिकारी खरेदीखत करून देऊ शकत नाही. त्याने स्वतः पुढे हा केवळ युद्धकाळापुरता उपाय होता असे म्हटले. पण जमिनीवर उतरलेल्यांना कोणी हा फरक सांगितला होता का? जून १८६५ पर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे चार लाख एकरांवर वसली होती. मार्चमध्ये काँग्रेसने मुक्त झालेल्यांसाठी एक विभाग स्थापन केला, त्याच्या नावातच 'सोडून दिलेल्या जमिनी' हे शब्द होते. त्या कायद्यातही चाळीस एकरांचा आकडा आला : तीन वर्षे खंडाने, नंतर विकत घ्यायची मुभा, आणि तीही 'सरकार जो हक्क देऊ शकेल तेवढ्या' हक्काने. म्हणजे पुन्हा अर्धवट आश्वासन.

एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांचा खून झाला. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ दक्षिणेतलेच होते, बड्या मळेवाल्यांचा त्यांना राग होता, म्हणून आरंभी अनेकांना आशा वाटली. २९ मे रोजी त्यांनी माफीनामा जाहीर केला. निष्ठेची शपथ घेतली की गुलाम सोडून बाकी सर्व मालमत्ता परत. वीस हजार डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्यांनी मात्र व्यक्तिशः अर्ज करायचा होता, आणि त्या उन्हाळ्यात असे अर्जदार राष्ट्राध्यक्षांच्या दाराशी रांगा लावून उभे राहिले. माफ्या भराभर दिल्या गेल्या. मुक्त माणसांच्या विभागाच्या प्रमुखाने जुलैमध्ये चाळीस एकरांचे वाटप चालूच ठेवायचा आदेश काढून पाहिला, पण तो रद्द झाला. सप्टेंबरमध्ये त्याच विभागाच्या शिक्क्याने जमिनी जुन्या मालकांना द्यायचा आदेश निघाला.

ऑक्टोबरात त्या प्रमुखालाच एडिस्टो बेटावर जाऊन ही बातमी सांगावी लागली. हा माणूस युद्धात उजवा हात गमावून बसलेला, मनाने मुक्त माणसांच्या बाजूचा. चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे तो बोलू लागला आणि गलका झाला, मग एका बाईने गाणे धरले आणि सगळे गाऊ लागले. जुन्या मालकांना क्षमा करा, असे त्याने सांगितले. बेटावरच्या तिघांच्या समितीने नंतर लेखी उत्तर पाठवले. त्याचा आशय असा : युद्धात तुमचा फक्त हात गेला, तुम्ही क्षमा करू शकाल, ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून झोडपले, त्याला मी कशी करू? त्यांनी पुढे हेही विचारले की ज्यांनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले त्यांना जमीन आणि जे सरकारच्या बाजूने राहिले त्यांना काहीच नाही, हा कुठला न्याय. या अर्जाला समाधानकारक उत्तर कधीही मिळाले नाही, आणि माझ्या मते ते मिळण्याजोगे नव्हते.

राष्ट्राध्यक्ष या सगळ्याला 'पूर्ववत स्थापना' म्हणत. राज्ये पूर्ववत, मालमत्ता पूर्ववत. काँग्रेसमधल्या त्यांच्या विरोधकांना 'पुनर्रचना' हवी होती. आज आपण त्या पूर्ण कालखंडाला दुसऱ्या नावाने ओळखतो, पण जमिनीपुरते पाहिले तर घडले ते पहिल्यानुसार. मतभेद होऊ शकतो. घटनेप्रमाणे जप्ती कायम टिकली नसती, असे त्या वेळच्या आणि आजच्याही कायदेपंडितांचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. मात्र एप्रिल १८६२ मध्ये राजधानीत गुलामगिरी बंद केली तेव्हा याच सरकारने मालकांना दर गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत भरपाई दिली होती. मालकाला भरपाई द्यायला मार्ग सापडला, कष्टकऱ्याला द्यायला घटना आडवी आली.

पुढची बारा वर्षे घाईने सांगता येतील. दक्षिणेच्या विधिमंडळांनी मुक्त माणसांना बांधून ठेवणारे कायदे केले. मिसिसिपीत तर गावठाणाबाहेर त्यांना जमीन भाड्याने घ्यायचीही बंदी झाली. त्याला उत्तर म्हणून काँग्रेसने १८६७ मध्ये दक्षिणेत लष्करी जिल्हे केले, १८६८ आणि १८७० मध्ये नागरिकत्वाची आणि मताची दुरुस्ती घटनेत आली, कृष्णवर्णीय माणसे विधिमंडळांत आणि थेट सिनेटमध्ये बसली. मग हिंसाचार, या हक्कांना कात्री लावणारे १८७६ चे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, १८७७ चा राजकीय सौदा आणि फौजेची माघार. मताचा हक्क होता, पण मत देणाऱ्याचे घर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ज्याच्या जमिनीवर उभे होते, तो मालक गोरा होता.

शेती बटाईने होऊ लागली. जमीन, खेचर आणि बियाणे मालकाचे, पीक निम्मे. मीठ-पीठ-कापड दुकानदाराकडून उधार आणि त्यापोटी उभ्या पिकावर बोजा. बोजा फेडायचा तर नगदी पीक लावावे लागे, म्हणजे कापूस. ज्या पिकाची यंत्रे १८६१ मध्ये मोडली तेच पुन्हा गळ्यात आले.

याच कापसाचा दुसरा धागा आपल्याकडे येतो. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत कंपन्या, बँका, समुद्र हटवण्याच्या योजना उगवल्या. १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. तेजीत सैल सुटलेले कर्ज मंदीत आवळले गेले, आणि १८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्यामागे हीदेखील पार्श्वभूमी होती. त्याआधी दोन वर्षे महात्मा फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून. त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला ईस्टरच्या दिवशी कृष्णवर्णीयांचे हत्याकांड झाले. ती अर्पणपत्रिका वाचताना हे दोन्ही मला एकदमच आठवते. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला ती खरीच होती, आणि तिच्या खालची जमीन त्याच वेळी सरकत होती.

करलिलावातल्या जमिनींचे काय झाले, ते राहिले. त्या टिकल्या. ब्यूफोर्टमधल्या एका घरामागच्या खोपीत गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाने ते घर लिलावात घेतले. हाच माणूस १८६२ मध्ये चार्ल्स्टनच्या बंदरातून शत्रूचे जहाज घेऊन उत्तरेला मिळाला होता आणि पुढे काँग्रेसमध्ये निवडून गेला. जुन्या मालकाच्या बाजूने दावा लागला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये लिलावाची खरेदी वैध ठरवली. १८६६ च्या कायद्याने ताबा गमावलेल्या काही कुटुंबांनाही याच भागात एकरी दीड डॉलर दराने वीस-वीस एकर घ्यायची सोय झाली. सेंट हेलेनावर त्या काळापासून घराण्यात चालत आलेल्या जमिनी आजही आहेत.

त्यांचा आजचा त्रास वारसांचा आहे. मृत्युपत्र न करता पिढ्या गेल्या, जमीन सामाईक राहिली. १९५६ मध्ये याच किनाऱ्यावरच्या हिल्टन हेड बेटाला पूल झाला, पर्यटन आले, भाव चढले. दूरच्या शहरातल्या एखाद्या वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा, मग वाटणीचा दावा लावायचा आणि न्यायालयाकडून सबंध जमिनीचा लिलाव मागायचा, ही रीत बिल्डरांना सापडली. वीस वारसांपैकी एकोणीस जणांना विकायचे नसले तरी जमीन जाई. २०१६ मध्ये साऊथ कॅरोलिनाने त्यासाठी कायदा केला : आता आधी जमिनीची वाजवी किंमत ठरवतात, आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घ्यायची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते.