रुक्वा खोऱ्यातील हेलियम

रुक्वा खोरे हे नैर्ऋत्य टांझानियातील खचदरीचे खोरे. पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीच्या पश्चिम शाखेत, टांगानिका आणि मलावी या दोन मोठ्या सरोवरांच्या दरम्यान ते पसरले आहे. मध्यभागी उथळ, खारट रुक्वा सरोवर आहे. त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. भूगोलाच्या पुस्तकांबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले हे नाव २०१६ नंतर लंडन आणि ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारांत ऐकू येऊ लागले, ते हेलियममुळे.

या भागात गरम पाण्याचे झरे पुष्कळ. दक्षिणेकडील इवुना येथे खाऱ्या झऱ्यांच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा उद्योग कित्येक शतके चालत आला. झऱ्यांतून सतत बुडबुडे येतात. त्यातला वायू बहुतांशी नायट्रोजन असतो, पण काही ठिकाणी हेलियमचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर भरले आहे. कतारमध्ये नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा काढतात, तिथे हे प्रमाण एक टक्क्याच्या अंशाइतकेच असते. यावरून दहाचा अर्थ कळावा. नमुना घेताना बुडबुड्यांवर नरसाळे उपडे धरतात आणि वायू तांब्याच्या नळीत भरून नळीची दोन्ही टोके चिमटून बंद करतात. काच चालत नाही. हेलियम काचेतूनही हळूहळू निसटतो.

झऱ्यांत हेलियम आहे हे भूवैज्ञानिकांनी विसाव्या शतकाच्या मध्यातच नोंदवले होते. पण तेव्हा शोध तेलाचा होता. १९८७ मध्ये अमोको कंपनीने इवुना व गालुला येथे दोन विहिरी खोदल्या. तेलाचा साठा सापडला नाही आणि खोरे पुन्हा विस्मृतीत गेले.

हेलियम इथेच का, याचे उत्तर शेजारच्या अतिप्राचीन खडकांत आहे. त्यांतील युरेनियम व थोरियम यांच्या किरणोत्सारी ऱ्हासातून निघणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचे केंद्रकच. कोट्यवधी वर्षे हा वायू खनिजांत अडकून राहिला. खचदरी उघडू लागल्यावर खालून उष्णता आली आणि तो मोकळा झाला. भूजल व नायट्रोजन त्याला वर घेऊन आले. मात्र उष्णता बेताचीच हवी. रुंग्वेसारख्या ज्वालामुखीच्या फार जवळ गेल्यास कार्बन डायऑक्साइड इतका मिसळतो की हेलियम विरळ होऊन जातो.

२०१६ मध्ये ऑक्सफर्ड व डरहॅम विद्यापीठांच्या संशोधकांनी हेलियम वन या कंपनीसोबत खोऱ्याच्या एका भागात ५४ अब्ज घनफूट हेलियम असावा, असा अंदाज जाहीर केला. बारा लाखांहून अधिक एमआरआय यंत्रे भरतील एवढा हा वायू, अशी तुलनाही आली आणि बातमी जगभर पसरली. पुढे कंपनीच्या क्षेत्रासाठी १३८ अब्ज घनफुटांचा आकडा पुढे आला. हे आकडे साठ्याचे नव्हेत. विहीर न खोदता, जमिनीत कंपने सोडून केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणावरून बांधलेले ते अंदाज आहेत आणि त्यांत अपयशाची शक्यता वजा केलेली नसते. शेअर घेणाऱ्यांपैकी अनेकांनी ही तळटीप वाचली नसावी.

वेळ मात्र अनुकूल होती. हेलियम देणारे देश मोजकेच. २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी होताच तिथला पुरवठा खोळंबला. रशियातील अमूर प्रकल्पात २०२१ व २०२२ मध्ये अपघात झाले. रुग्णालयांना आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यांना या वायूला सहज पर्याय नाही. हेलियम वन डिसेंबर २०२० मध्ये लंडनच्या 'एम' या छोट्या कंपन्यांच्या बाजारात दाखल झाली. खोऱ्याच्या उत्तर भागात उतरलेल्या नोबल हेलियम या दुसऱ्या कंपनीने २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदणी केली.

२०२१ मधील हेलियम वनच्या ताय-१ या विहिरीने पहिला धडा दिला. (स्वाहिलीत ताय म्हणजे गरुड, आपल्या ताईशी संबंध नाही.) हेलियमच्या खुणा निरनिराळ्या खोलींवर दिसल्या, पण वायूचा मोकळा साठा हाती लागला नाही आणि शेअरचा भाव कोसळला. बोअर मारणाऱ्याला हा फरक सांगायला नको: ओल लागणे वेगळे आणि पाणी लागणे वेगळे. हेलियमचा अणू इतका लहान की त्याला अडवणारा पक्का थर वर असेल तरच तो साठतो. झऱ्यांतले बुडबुडे तर वायू निसटत असल्याचीच खूण. गुंतवणूकदार खरे तर हेलियमवर नव्हे, तर त्या झाकणावर पैसे लावत होता.

रिग, म्हणजे विहीर खोदण्याचे यंत्र, वेळेवर मिळेना, म्हणून कंपनीने पुढे स्वतःचीच विकत घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इटुम्बुला वेस्ट-१ या विहिरीतून ४.७ टक्के हेलियम असलेला वायू पृष्ठभागावर आला. हवेतील प्रमाणाच्या सुमारे नऊ हजार पट. आधी एका पेनीच्याही खाली घसरलेला शेअर काही दिवसांत कित्येक पट झाला. पण दरम्यान पैसा उभा करण्यासाठी नवे शेअर पुन्हापुन्हा काढले गेले होते, त्यामुळे जुन्या भागधारकांचा वाटा पातळ झाला होता.

टांझानियात हेलियम खाणकाम कायद्याखाली येतो. २०१७ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रकल्पात सरकारला किमान १६ टक्के हिस्सा फुकट द्यावा लागतो. हेलियम वनबाबत तो १७ टक्के ठरला. ४८० चौरस किलोमीटरचा खाणपरवाना २०२५ मध्ये मिळाला. कंपनीने मधल्या काळात अमेरिकेतील कोलोरॅडोच्या एका हेलियम प्रकल्पातही निम्मा वाटा घेतला, कारण तिथे वायू विकून पैसा लवकर दिसण्याची आशा होती.

इटुम्बुल्याचा वायू पायाभूत खडकाच्या भेगांतून, खाऱ्या पाण्याबरोबर वर येतो. तेव्हा किती पाणी उपसल्यावर किती वायू मिळतो, यावर विहिरीचे अर्थकारण ठरते. पुढे दार एस सलाम बंदराचा लांबचा रस्ता आहे. द्रवरूप हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, आणि उत्तम टाकीतही तो महिना-दीड महिनाच टिकतो.