बॅरी (व्हरमाँट)

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील पाथरवटांचे छोटे शहर. राजधानी माँटपीलियरच्या आग्नेयेस, वॉशिंग्टन परगण्यात वसलेले. लोकसंख्या ८,४९१ (२०२०). लगतच्या टेकड्यांत निघणारा बारीक कणांचा करडा ग्रॅनाइट ही या गावाची सारी पुंजी. अमेरिकाभरच्या दफनभूमींतले असंख्य दगड इथे घडले, आणि ते घडवणारे हात फार लवकर थडग्यात गेले. बॅरीचा इतिहास सांगायचा तर या दगडाच्या धुळीपासूनच सांगावा लागतो.

१८७५ मध्ये रेल्वे आली आणि जड दगड दूरवर पाठवणे परवडू लागले. १८८० मधले जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव दहा वर्षांत सात हजारांच्या घरात पोचले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनहून ग्रॅनाइटचे कसबी कारागीर आले, कारारा आणि उत्तर इटलीतल्या इतर गावांतून संगमरवर कोरणारे आले. पुढे स्पॅनिश आणि फ्रेंच-कॅनडियनही आले. गावात १८९९ साली उभा राहिलेला कवी रॉबर्ट बर्न्सचा पुतळा स्कॉटिश लोकांनी हौसेने उभारला, पण कोरला इटालियनांनी. त्याच्या चौथऱ्यावरचे उठावशिल्प एलिया कोर्ती याचे आहे.

सुरुवातीच्या शेड उघड्या असत, छिन्नी-हातोड्याने काम चाले आणि धूळ वाऱ्यावर जाई. मग दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारे आली. व्हरमाँटच्या कडाक्याच्या थंडीत काम थांबू नये म्हणून शेड बंदिस्त झाल्या. गिरणीतल्या पिठासारखी बारीक धूळ दिवसभर कारागिराच्या तोंडासमोर तरंगू लागली. फुफ्फुसांना घातक असलेले सिलिका हे खनिज संगमरवराच्या धुळीत जवळजवळ नसते, ग्रॅनाइटच्या धुळीत भरपूर असते. काराराहून आलेल्यांना हा धोका ओळखीचा नव्हता. आधी सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसांचा रोग, मग त्यावर क्षय, असे ऐन उमेदीतले कारागीर गेले. मागे राहिलेल्या विधवा घरात खाणावळ चालवत, भाडेकरू ठेवत. दारूबंदीच्या काळात कित्येकींनी चोरून वाइन विकून मुले वाढवली. त्याला गुन्हा म्हणण्यापेक्षा न मिळालेली भरपाई म्हणणे अधिक रास्त.

कामगारांची संघटना इथे बळकट होती. इटालियन कामगारांनी १९०० मध्ये स्वतःच्या हातांनी सोशलिस्ट लेबर पार्टीचे सभागृह बांधले. दारावर ग्रॅनाइटमध्ये कोरलेला हातोडा धरलेला हात आजही दिसतो. समाजवादी आणि अराज्यवादी (राज्यसंस्थाच नको म्हणणारे) यांचे तंटे मात्र कडवे होते. १९०३ मध्ये याच सभागृहातील झटापटीत गोळी लागून कोर्तीचा मृत्यू झाला. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथील १९१२ च्या गिरणी संपात संपकऱ्यांची ३५ मुले बॅरीतल्या कुटुंबांनी आपल्या घरी सांभाळली.

धूळ खेचून घेणारी यंत्रे शेडमध्ये सर्रास बसली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतर कामाला लागलेल्यांत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. उपाय यंत्राचा होता, वैद्यकाचा नव्हता; तो इतका उशिरा यावा हे अक्षम्य आहे.

१८९५ साली सुरू झालेल्या होप दफनभूमीत कारागिरांनी आपल्याच माणसांचे दगड कोरले. कोर्ती तिथे पूर्णाकृती बसला आहे, कोट-टायमध्ये, पायाशी हत्यारे. लुई ब्रुसा हा पाथरवट सिलिकोसिसने १९३७ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर तो बायकोच्या आधाराने मान टाकून कोसळताना दाखवला आहे. स्मारकावर मरणाचे कारण इतके उघड दाखवणारी शिल्पे विरळाच.

खाणी आजही चालू आहेत. कापणीचे बरेच काम आता हिऱ्याचे कण बसवलेल्या तारांनी आणि संगणकाच्या मदतीने होते, त्यामुळे माणसे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी लागतात. कामगारांचे सभागृह स्थानिक इतिहास मंडळ सांभाळते.