गायकाच्या चॅनेलवरचा रॅक : इन्सर्टच्या वादाची पार्श्वभूमी

कार्यक्रमातले सगळे आवाज मिसळणारे डिजिटल कन्सोल आले तेव्हा बाहेरच्या रॅकचे, म्हणजे वेगळ्या प्रोसेसिंग यंत्रांच्या चौकटीचे, दिवस भरले, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. प्रत्येक चॅनेलला (एका माइकच्या वाटेला) कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), गेट (बारीक आवाज अडवणारा), चार बँडचा ईक्यू (जाड-पातळ सूर कमी-जास्त करणारा) आतच असेल तर वेगळ्या पेट्या वाहायच्या कशाला? तरीही मोठ्या दौऱ्यांवर मुख्य गायकाच्या चॅनेलसाठी दोन-चार युनिटांचा रॅक कन्सोलशेजारी अजून उभा असतो, आणि तो ठेवावा की नाही यावर अजून भांडणं होतात. या भांडणाचं मूळ यंत्राच्या 'रंगा'त, म्हणजे ते आवाजाला देतं त्या छटेत, शोधलं जातं. मला ते यंत्र आवाजाच्या वाटेवर कुठे बसतं यात दिसतं.

ही यंत्रं मुळात स्टेजसाठी झालेली नव्हती. एलए-२ए आणि ११७६ हे साठच्या दशकातले कॉम्प्रेसर प्रसारण आणि रेकॉर्डिंगच्या खोल्यांसाठी बनले. १९५७ची ईएमटी १४० ही प्लेट रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं यंत्र) म्हणजे ताणून बसवलेला पोलादी पत्रा. पेटीसकट वजन पाव टनाच्या वर. ती दौऱ्यावर कोण नेणार? १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५० हजारांहून जास्त लोक जमले, तेव्हा गायकांचे आवाज स्टेडियमच्या उद्घोषणा यंत्रणेवरून गेले. प्रोसेसिंगचा प्रश्नच नव्हता, ऐकू येण्याची मारामार होती.

त्यानंतरचा एक प्रयोग मात्र इथे सांगायलाच हवा. १९७४मध्ये एका अमेरिकन बँडने सगळे स्पीकर गायकांच्या पाठीमागे भिंतीसारखे रचले. समोर स्पीकर नाहीत, वेज (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे, पायाशी ठेवलेले स्पीकर) नाहीत. मग तो आवाज परत माइकमध्ये शिरून माइक शिट्टी मारणार नाही तर काय? त्यांनी प्रत्येक गायकाला दोन माइक दिले, एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाची लाट वर तर दुसऱ्याची खाली) जोडलेले, आणि गायचं त्यातल्या एकातच. मागून येणारा आवाज दोन्हींत जवळपास सारखा शिरून वजा व्हायचा, गळा तेवढा उरायचा. शिट्टी आटोक्यात आली, पण गळाही पातळ झाला. लाइव्ह गायनाचं सगळं दुखणं या एका जोडणीत आहे: स्टुडिओत स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये जात नाही, स्टेजवर जातो.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात डीबीएक्स १६० सारखे दणकट कॉम्प्रेसर रॅकमध्ये बसू लागले. डिजिटल रिव्हर्ब १९७६पासून मिळू लागला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका युनिटच्या उंचीचा एसपीएक्स ९० आल्यावर इफेक्ट छोट्या कार्यक्रमांतही पोहोचला. रिव्हर्ब-डिलेवरून कधी फारसा तंटा झाला नाही. ते ऑक्सवरून (चॅनेलच्या आवाजाची वेगळी प्रत बाहेर काढणाऱ्या वाटेवरून) जातात, परत वेगळ्या चॅनेलवर येतात, नको झाले की फेडर (पातळीची सरकपट्टी) खाली. तंटा झाला तो इन्सर्टवर बसणाऱ्या कॉम्प्रेसरचा.

इन्सर्ट म्हणजे चॅनेल मधेच तोडून बाहेर काढायचा आणि यंत्रातून फिरवून परत आणायचा. लहान मिक्सरवर हे एकाच स्टिरिओ जॅकने होतं: टिपवरून बाहेर, रिंगवरून आत. काही मिक्सरवर नेमकं उलट. दोन वायरी अदलाबदल झाल्या की मुख्य गायकच गायब, आणि हे साउंडचेकला नाही तर पॅच (वायरींची जोडणी) घाईत बदलल्यावर कळतं. पण केबल बदलता येते. खरी अडचण कन्सोलच्या पोटात होती.

मॉनिटरसाठी वेगळा कन्सोल परवडत नसेल तर वेजचा मिक्स प्रेक्षकांसाठीच्या समोरच्याच कन्सोलच्या ऑक्सवरून निघायचा. तो ऑक्स प्री-फेडर (फेडरच्या आधी उचललेला) असायचा, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. प्री-फेडर म्हणजे प्री-इन्सर्ट नव्हे, ही गोष्ट बऱ्याच जणांना शिट्टी वाजल्यावर कळली. अनेक ॲनालॉग कन्सोलवर ऑक्स इन्सर्ट आणि ईक्यू दोन्हींच्या नंतर उचललेला असायचा. काहींत हे बदलायची सोय होती, पण आतल्या जंपरवर (सर्किटवर हलवायच्या छोट्या जोडणीवर). म्हणजे प्रत्येक चॅनेलची पट्टी उघडा, जंपर हलवा, पुन्हा स्क्रू आवळा. भाड्याने आणलेल्या कन्सोलवर हे कोण करू देणार?

परिणाम आकड्यांत बघा. ४:१ गुणोत्तर (जादा ४ डेसिबलमागे १च बाहेर), आणि गायक थ्रेशोल्डच्या (दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या) १२ डेसिबल वर गेला. बाहेर ३च डेसिबल वाढले, ९ दाबले गेले. गेलेली पातळी भरून काढायला मेकअप गेन ६ डेसिबल दिला. जोराच्या ओळीत सगळं छान बसतं. ओळ संपते, गायक श्वास घेतो, कॉम्प्रेसर सुटतो. आणि आता तो माइक पूर्वीपेक्षा ६ डेसिबल जास्त उघडा आहे, म्हणजे व्होल्टेज दुप्पट, तेही वेजच्या तोंडासमोर. म्हणून ही शिट्टी गाण्यात येत नाही, दोन ओळींच्या मधल्या शांततेत येते. कॉम्प्रेसरच्या मीटरची सुई शून्यावर परतते आणि वेज गुणगुणू लागतो, हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

दुसरा परिणाम कमी बोलला गेला. वेजमध्ये दाबलेला आवाज ऐकणारा गायक जोर लावतो, पण त्याला जोर ऐकू येत नाही. मग तो आणखी लावतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत घसा बसतो आणि दोष गायकावर जातो.

यावर तोड म्हणून एकच माइक दोन चॅनेलवर घेण्याची पद्धत रुळली: एक रॅकमधून समोरच्या स्पीकरला, दुसरा कोरा, फक्त वेजला. चॅनेल खर्ची पडतो, ईक्यू दोनदा करावा लागतो. विरोधकांचं म्हणणं, गायकाला लोक ऐकतात तेच ऐकू द्यावं. हे म्हणणं ऐकायला गोड आहे; वेजसमोर ते टिकत नाही.

नव्वदच्या दशकात इन-इअर मॉनिटर (गायकाने कानात घालायचे इअरपीस) पसरले आणि वेजच्या शिट्टीचा मुद्दा बोथट झाला. वाद संपायला हवा होता, पण तो मिलिसेकंदांवर गेला. डिजिटल कन्सोलच्या इन्सर्टवर ॲनालॉग यंत्र लावलं की सिग्नल एकदा ॲनालॉग होऊन बाहेर जातो आणि पुन्हा डिजिटल होऊन आत येतो. यात साधारण एक-दोन मिलिसेकंद जातात. एका मिलिसेकंदात आवाज सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे ३० मीटरवरच्या श्रोत्याला याचा पत्ताही लागत नाही. गायकाला लागतो. त्याचा स्वतःचा आवाज हाडांतून लगेच कानात पोहोचतो, इअरपीसमधला मागून येतो, आणि दोन्ही मिळून आवाज पोकळ होतो. मिक्समध्ये कोरा आणि दाबलेला चॅनेल एकत्र मिसळणाऱ्यांनाही हेच भोवतं: १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्झवर खड्डा पडतो, पुढचे १५०० आणि २५००वर. अगदी गळ्याच्या मधोमध. कोऱ्या चॅनेलला तेवढाच डिले दिला की खड्डे जातात, पण तो द्यायचं लक्षात राहायला हवं.

स्वर सुधारणारं ऑटो-ट्यून १९९७चं, त्याची रॅकमधली आवृत्तीही लवकरच आली. त्याचाही पॅच बहुतेक ठिकाणी समोरच्या चॅनेलवरच राहिला. कानात सुधारलेला सूर आला तर गायकाला आपण कुठे घसरलो हे कळतच नाही.

याच काळात आउटबोर्ड हा शब्द सरकला. पूर्वी कन्सोलमध्ये जे नव्हतं ते सगळं आउटबोर्ड. २००५च्या सुमारास कन्सोलच प्लगिन (यंत्राचं काम करणारं सॉफ्टवेअर) चालवू लागले, पुढे प्लगिनचे वेगळे सर्व्हर आले. असा सर्व्हर कन्सोलच्या बाहेर रॅकमध्ये असतो, त्याच्या जाण्यायेण्यातही वेळ जातो, पण त्याला कुणी आउटबोर्ड म्हणत नाही. आता तो शब्द हाताने फिरवायच्या बटणांना उरलाय.

याच कन्सोलांनी आणलेल्या एका सोयीने जुनं दुखणं परत आणलं. आदल्या रात्रीचे चॅनेल इन्सर्टच्या आधीच रेकॉर्ड करायचे आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये ते वाजवून रॅक लावायचा. गायक हॉटेलवर झोपलेला, इंजिनिअर निवांत, कॉम्प्रेसर १० डेसिबल दाबतोय आणि आवाज अंगावर आल्यासारखा. शिट्टी नाही, कारण चॅनेलवर माइकच नाही. संध्याकाळी तोच माइक उघडतो, गायक चालत स्पीकरच्या पुढे येतो, ओळ संपवतो आणि श्वास घ्यायला थांबतो.