पहिल्या पाळीची चाहूल

पहिली पाळी ‘अचानक’ आली असं कितीतरी जणी सांगतात. शरीराची तयारी मात्र तेव्हा दोन-अडीच वर्षांपासून चालू असते. मेंदूतून आलेल्या संदेशांमुळे पिट्युटरी ग्रंथी संप्रेरकं (हार्मोन्स) सोडते, बीजकोश जागे होतात आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार होऊ लागतं. त्याची पहिली खूण बहुधा स्तनाग्रामागे हाताला लागणारी छोटी, हुळहुळी गाठ असते. कधी ती आधी एकाच बाजूला येते आणि मुलीइतकीच आईही घाबरते. या वयात ते अगदी स्वाभाविक आहे. माझ्या मते पाळीबद्दल बोलायला सुरुवात करायची ती इथेच.

पुढे उंची झपाट्याने वाढते. तो वेग ओसरू लागला की पाळी फार लांब नसते. त्याआधीचे काही महिने अंगावरून पांढरं जातं. खाज किंवा दुर्गंधी नसेल तर काळजी नको.

बहुतेकींना 10 ते 15 या वयात पाळी येते. पहिल्या दिवशी लालभडक रक्तच दिसेल असं नाही. हळूहळू बाहेर येणारं रक्त हवेच्या संपर्काने काळपट होतं, त्यामुळे चड्डीवर नुसता तपकिरी डाग दिसतो आणि ही पाळी आहे हे मुलीच्या लक्षातच येत नाही. हे आधी कुणीतरी सांगायलाच हवं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पाहताना ते कितीतरी जास्त वाटतं.

नुसती माहिती पुरत नाही, हातालाही सवय हवी. पाकीट फोडून, मागचा कागद काढून, चिकट बाजू चड्डीला लावून पॅड एकदा तरी बसवून पाहिलेलं असावं. दर चार-सहा तासांनी ते बदलायचं. गर्भाशय आकुंचन पावल्याने ओटीपोटात कळा येतात. शेकल्याने बरं वाटतं.

सुरुवातीला अनेकदा बीज बाहेर पडतच नाही, म्हणून पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात. मात्र आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही किंवा तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा.